टिकरपासून परदेशातल्या लाइव्हपर्यंत: मराठी वृत्तवाहिनीत नव्याने येणाऱ्यांसाठी

"मला अँकर व्हायचंय" म्हणत आलेल्याला वाहिनीत पहिल्या दिवशी बहुधा टिकर लिहायला बसवतात. पडद्याच्या तळाशी सरकणारी ती पट्टी. बरेच जण तिथेच हिरमुसतात. पण दहा शब्दांत बातमी बसवायची, नाव, हुद्दा आणि गाव चुकवायचं नाही, शिळी झालेली ओळ काढून ताजी टाकायची, हे काम चार-सहा महिने केलेला माणूस पुढे टेलिप्रॉम्प्टर बंद पडला तरी बोलत राहतो. थेट स्टुडिओत शिरलेला गप्प होतो. म्हणून इथला क्रम असा: आधी डेस्क (बातम्या लिहिणारं टेबल), मग अँकरची खुर्ची, मग बाहेरचं मैदान आणि सगळ्यात शेवटी परदेश. मधली पायरी गाळता येत नाही असं नाही. फक्त गाळलेली पायरी पहिल्या मोठ्या बातमीत, लाइव्ह असतानाच दिसते.

शिरकाव

पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाचा संज्ञापन व पत्रकारिता विभाग, मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका देणारं अमरावतीचं आयआयएमसी केंद्र, या ओळखीच्या वाटा. पदवी मुलाखतीपर्यंत नेते, पुढे चाचणी असते. चाचणीत साधारण तीन गोष्टी पाहतात: वृत्तसंस्थेची, म्हणजे एजन्सीची, इंग्रजी किंवा हिंदी बातमी देऊन तीस सेकंदांची मराठी कॉपी करायला सांगतात, कॅमेऱ्यासमोर उभं करून कुठल्याही विषयावर मिनिटभर बोलायला लावतात, आणि राज्याच्या राजकारणाची, भूगोलाची माहिती चाचपतात. यात पहिलीच गोष्ट बहुतेकांना नडते. पीटीआय आणि एएनआय या एजन्सींचा मजकूर बहुधा इंग्रजी किंवा हिंदीत येतो. इंग्रजी वाचून पाच मिनिटांत नीट मराठी लिहिता येत नसेल, तर आवाज कितीही भारदस्त असो, डेस्कला तुमचा उपयोग नाही.

एक वाट फारशी कोणी धरत नाही: आकाशवाणी आणि दूरदर्शनचे प्रादेशिक वृत्त विभाग. तिथे हंगामी वृत्तनिवेदक आणि भाषांतरकारांची यादी केली जाते. आधी लेखी परीक्षा, मग आवाजाची चाचणी. पैसे कामाच्या दिवसांपुरते मिळतात, पण उच्चार आणि वेळेची शिस्त तिथे फुकट शिकायला मिळते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. स्मिता पाटील आणि प्रदीप भिडे यांनी तिथे मराठी बातम्या वाचल्या. भिडे यांच्या जुन्या चित्रफिती मिळाल्या तर आवाजापेक्षा विराम ऐका. वाक्य संपल्यावर ते किती थांबतात हे मोजून पाहा आणि मग आजचं कुठलंही बुलेटिन लावा.

अर्जासोबत चित्रफीत पाठवायची तर दीड मिनिटात संपवा. एक वाचलेली बातमी, एक बाहेर उभं राहून केलेली पीटीसी (कॅमेऱ्याकडे पाहून बोललेला तुकडा), एक कागदाशिवाय बोललेला तुकडा. पार्श्वसंगीत नको, नावाची फिरती ग्राफिक्स नकोत. पाहणारा पहिल्या दहा सेकंदांत ठरवतो.

डेस्क: कानासाठी लिहिणं

एजन्सीची किंवा सरकारी पत्रकाची ओळ अशी येते: "पूरप्रवण क्षेत्रातील सर्व शाळांना जिल्हाधिकाऱ्यांनी जारी केलेल्या आदेशान्वये उद्या सुट्टी जाहीर करण्यात आली आहे." ती बोलायची अशी: "पुराचा धोका असलेल्या गावांत उद्या शाळा बंद. जिल्हाधिकाऱ्यांनी थोड्या वेळापूर्वी आदेश काढलाय. बाकी ठिकाणी शाळा नेहमीसारख्या भरतील." तिसरं वाक्य मूळ ओळीत नव्हतं. ते जिल्हा माहिती कार्यालयाला किंवा आपल्या वार्ताहराला फोन करून मिळवावं लागतं, कारण घरी ऐकणाऱ्या पालकाचा पुढचा प्रश्न तोच असतो. डेस्कवरचं निम्मं काम म्हणजे हे तिसरं वाक्य शोधणं.

बातमीच्या वेगात मराठी मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्द वाचली जाते, म्हणजे सेकंदाला दोन. वीस सेकंदांची लिंक (बातमीआधी अँकर बोलतो तो मजकूर) चाळीस शब्दांत संपली पाहिजे. आपला वेग घड्याळ लावून एकदा मोजा आणि लिहून ठेवा. बुलेटिन प्रोड्यूसर तो विचारतो आणि त्यावर रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा क्रम आणि वेळ, बांधतो.

पॅकेज (चित्रं, आवाज आणि मुलाखती जोडून तयार केलेली बातमी) बांधताना आधी चित्रं पाहा, मग लिहा. उलट केलं की "नागरिकांमध्ये संतापाची लाट" असं लिहून बसता आणि फुटेजमध्ये चहा पिणारी माणसं सापडतात. दीड मिनिटाच्या पॅकेजची चालणारी बांधणी अशी: सगळ्यात बोलकं चित्र आणि त्याचा मूळ आवाज पाच सेकंद, मग पंधरा-वीस सेकंदांचा व्हीओ (चित्रांवरचं निवेदन), दहा-बारा सेकंदांची बाइट (कोणाचं तरी बोलणं), पुन्हा व्हीओ, विरुद्ध बाजूची बाइट, आणि गरज असेल तर पीटीसी. पीटीसी दोनच कारणांनी करावी: ज्याचं चित्र मिळत नाही ते सांगायला, किंवा तुम्ही त्या जागी आहात म्हणून काही दाखवता येतं तेव्हा. "आता प्रशासन कधी जागं होणार हे पाहणं महत्त्वाचं ठरेल" या वाक्यासाठी पुराच्या पाण्यात उभं राहायची गरज नसते, ते वाक्य मुळातच नको.

शूटवर पाठवलं तर कॅमेरामनला एवढं सांगा आणि बाजूला व्हा: प्रत्येक शॉट न हलवता दहा सेकंद, लांबचा, मधला आणि जवळचा असे तिन्ही, बाइट देणाऱ्याच्या हातांचा किंवा समोरच्या कागदाचा एक कटअवे (मध्ये जोडायचा शॉट), आणि त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट. हा आवाज नवखे हमखास विसरतात आणि एडिटला बसल्यावर दोन बाइटच्या मध्ये सांधा ऐकू येतो.

उच्चार आणि आकडे

मराठीतल्या दोन 'च' आणि दोन 'ज'चा घोळ हल्ली पडद्यावर सर्रास ऐकू येतो. "चार ठिकाणी चारा छावण्या" हे वाक्य मोठ्याने म्हणा: 'चार' तालव्य, 'चारा' दंत्य. "दहा जण" आणि "जनता" तसंच. हिंदी बुलेटिनं ऐकून कान बिघडला असेल तर रोज पंधरा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि बोलीचं वळण नसलेल्या एखाद्या कडक श्रोत्याला ऐकवा. स्वतःच्या चुका स्वतःला ऐकू येत नाहीत.

अडखळायची ठरलेली जागा म्हणजे आकडे. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी. यांवर जीभ अडली की तोंडातून हिंदी आकडा निघतो. उपाय साधा आहे: टीपीवर (टेलिप्रॉम्प्टरवर) अंक टाकू नका, अक्षरं लिहा. शिवाय १,२४,८३० असं वाचून कोणाच्याच डोक्यात काही राहत नाही. "जवळपास सव्वा लाख" राहतं. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे आपल्याकडे आयते आहेत, वापरा.

परदेशी बातमीत आकड्यांचा दुसरा सापळा असतो. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी, १ ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. घाईत बिलियनचं कोटी होतं आणि एखाद्या देशाचं संरक्षण बजेट महापालिकेएवढं दिसू लागतं. डेस्कच्या मॉनिटरवर ही चिठ्ठी चिकटवून ठेवा, लाज वाटू देऊ नका. परदेशी नावांची एक सामाईक यादीही हवी, नाहीतर एकाच बुलेटिनमध्ये टिकरवर 'झेलेन्स्की', सुपरवर (पडद्यावरच्या नावाच्या पट्टीवर) 'झेलेन्सकी' आणि अँकरच्या तोंडी तिसरंच काहीतरी. उच्चार पक्का करायचा तर त्या माणसाने स्वतःचं नाव घेतलेली चित्रफीत शोधा.

खुर्चीत बसल्यावर

कपड्यांचं आधी उरकू. क्रोमा (मागे हिरवा पडदा) असेल तर हिरवं नको, नाहीतर धड गायब होतं. बारीक रेघांचा किंवा बारीक चौकड्यांचा कपडा कॅमेऱ्यात थरथरतो. लेपल माइकला लागणारं मंगळसूत्र किंवा लोंबतं कानातलं, टेबलावर आपटणारी बांगडी हे सगळं प्रेक्षकाला ऐकू येतं. पाणी थंड नको, साधं. दूध आणि दही बुलेटिनआधी टाळा, घसा चिकट वाटतो.

टीपीचा वेग तुम्ही ठरवता, ऑपरेटर नव्हे. तुम्ही घाबरून त्याच्यामागे धावलात की तो तुमच्यामागे धावतो आणि दोघं मिळून दोन मिनिटांची बातमी सव्वा मिनिटात संपवता. हातातले कागद शोभेचे नसतात: प्रत्येक बातमी वाचून झाली की कागद उलटायचा, म्हणजे टीपी अडकल्यावर नेमकी ओळ सापडते. खाली पाहताना वाक्याच्या मध्ये पाहू नका, पूर्णविरामावर पाहा. कॅमेरा बदलला तर लाल दिवा जिथे लागेल तिकडे वळा. चुकीच्या कॅमेऱ्यात बोलत असल्याचं कळलं तर वाक्य संपवा आणि मग वळा, दचकू नका.

सगळ्यात कठीण भाग टॉकबॅक. कानात प्रोड्यूसर "बाइट तयार नाही, फोनो (फोनवरचं बोलणं) घे, वीस सेकंद भर" म्हणत असतो आणि तुम्ही त्याच वेळी कृषिमंत्र्यांचं वाक्य वाचत असता. हे जन्मजात कोणाला जमत नाही. घरी सराव करा: एका कानात रेडिओवरची चर्चा चालू ठेवून वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, दहा मिनिटांनी थांबून रेडिओवर काय बोलले ते लिहा. महिन्याभरात फरक कळतो. टॉकबॅकला उत्तर म्हणून मान हलवायची नाही, "हं" म्हणायचं नाही.

ब्रेकिंगमध्ये हाताशी काहीच नसताना वेळ भरायची एक पद्धत आहे. काय कळलंय, ते कोणाकडून कळलंय, आणि काय अजून कळलेलं नाही. या तीन गोष्टी क्रमाने सांगा, मग ठिकाणाचा भूगोल सांगा: कुठला तालुका, जवळचं मोठं रुग्णालय किती लांब, रस्ता कुठला. मग पुन्हा पहिल्यापासून, कारण तेवढ्यात नवा प्रेक्षक आलेला असतो. मृतांचा आकडा दोन ठिकाणांहून वेगवेगळा येत असेल तर मोठा आकडा उचलण्याचा मोह होतो. पोलीस किंवा प्रशासनाचा आकडा त्यांच्या नावानिशी सांगा आणि दुसरा थांबवा. मृतांचा आकडा वाढवता येतो, कमी करताना वाहिनीची अब्रू जाते.

मुलाखतीत एका वेळी एक प्रश्न. "आपण यावर काय सांगाल, आणि विरोधक म्हणतात त्याबद्दल, शिवाय शेतकऱ्यांचं काय" असा तिहेरी प्रश्न विचारला की राजकारणी त्यातला सोपा उचलतो. त्याला दोष नाही, तुम्हीच दिलेला असतो.

मैदान, आणि दोन-तीन कायदे

लाइव्हचं बॅकपॅक (पाठीवरचं प्रक्षेपण यंत्र) अनेक सिमकार्डांवरून चित्राचे तुकडे पाठवतं आणि पलीकडे ते जुळवतं. सभा सुरू झाली, गर्दीने मोबाइल काढले की याच सिमांचा जीव जातो. म्हणून निदान अर्धा तास आधी पोचा, वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं चालतात का पाहा, आणि उंचावरची किंवा गर्दीच्या कडेची जागा धरा. सभेच्या बरोबर मध्ये उभं राहून हिरो दिसता येतं, लाइव्ह जात नाही.

कानात स्टुडिओचा आवाज येतो त्यातून तुमचा स्वतःचा आवाज वगळलेला असला पाहिजे. तो वगळायचा राहिला तर तुमचंच बोलणं दीड-दोन सेकंदांनी कानात आदळतं आणि जीभ अडखळते. असं झालं तर बोलत राहायचा प्रयत्न करू नका, इअरपीस काढा, वाक्य पूर्ण करा. पर्याय म्हणून साधा फोन कॉल कायम जोडून ठेवा. उपग्रहाच्या एका उडीला पाव सेकंद लागतो, बॅकपॅकला त्याहून बराच जास्त. प्रश्न संपल्यावर तुम्ही मख्ख उभे दिसता ते त्यामुळे. अँकरने प्रश्न आटोपशीर ठेवायचा आणि वार्ताहराने ऐकताना चेहरा जिवंत ठेवायचा, एवढंच त्यावर करता येतं.

कायद्याचं आवर्जून: बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि अल्पवयीन असेल तर पॉक्सोचं (बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ लागतं. नाव झाकलं पण गावाचं नाव, वडिलांचा धंदा आणि घराचा दरवाजा दाखवला, तरी ओळख उघड झालीच. दुसरं, दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायला केबल टेलिव्हिजन नियमांतल्या ६(१)(पी) ने २०१५ पासून बंदी आहे; नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली पडद्यावर दिसत होत्या आणि सीमेपलीकडचे सूत्रधार त्या पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने कसाब खटल्याच्या २०१२ च्या निकालात वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले ते त्याबद्दल. वरिष्ठाने "चालू ठेव" म्हटलं तरी रस्त्यावर उभे तुम्ही असता.

परदेश: आधी पाठवण्याजोगं व्हा

मराठी वाहिन्यांची परदेशात कायमची ब्युरो नसतात म्हटलं तरी चालेल. काम मिळतं ते चार वाटांनी: मोठ्या घटनेला आठ-दहा दिवसांसाठी पाठवलेली टीम, दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचं बीट सांभाळणारा वार्ताहर, पीटीआयसारखी एजन्सी किंवा बीबीसी मराठीसारखी सेवा, आणि आधीच त्या देशात राहणारा स्ट्रिंगर (कामापुरते पैसे घेणारा वार्ताहर). पूर्वी पंतप्रधानांच्या विमानातून पत्रकारांचा ताफा जायचा. २०१४ नंतर खासगी वाहिन्यांसाठी ती सोय जवळपास संपली. आता दौऱ्याच्या बातमीचा सगळा खर्च वाहिनीला करावा लागतो, त्यामुळे संपादक पहिला प्रश्न विचारतो: तूच का?

त्याचं उत्तर दोन वर्षं आधी तयार करायला घ्या. एकच प्रदेश निवडा. त्याचा नकाशा, पक्ष, सीमा, जुनी भांडणं, तिथली भारतीय वस्ती यांची वही ठेवा, भाषा निदान पाट्या वाचण्यापुरती शिका. आणि मराठी धागा शोधा, कारण तो इंग्रजी वाहिनीकडे नसतो. इस्रायलमध्ये कोकणातून गेलेले बेने इस्रायली अश्दोद, लोद, दिमोना अशा शहरांत राहतात. तिथे सायरन वाजल्यावर घरात काय होतं हे मराठीत सांगणारा माणूस तुमच्या फोनमध्ये आधीपासून हवा. बातमी फुटल्यावर शोधायला निघालात तर सगळ्याच वाहिन्या त्याच दोघांना फोन लावत असतात.

युक्रेनचं उदाहरण यासाठी नीट पाहण्याजोगं आहे. २४ फेब्रुवारी २०२२ ला हवाई हद्द बंद झाली आणि भारतीय वैद्यकीय विद्यार्थी रोमानिया, हंगेरी, पोलंड, स्लोव्हाकियाच्या सीमांकडे निघाले. त्यांना परत आणणाऱ्या 'ऑपरेशन गंगा'चं पहिलं विमान २६ तारखेला बुखारेस्टहून २१९ जणांना घेऊन मुंबईत उतरलं. मराठी प्रेक्षकासाठी बातमी कीव्हमधल्या रणगाड्यांपेक्षा रोमानियाच्या सिरेत नाक्यावर जास्त होती. तिथे पोचलेल्या वार्ताहराने विचारायचं ते "कसं वाटतंय" नव्हे. कुठल्या विद्यापीठातून निघालात, किती जण, किती किलोमीटर चाललात, मागे कोण राहिलं आणि त्यांचा फोन लागतो का. शेवटच्या प्रश्नातून खारकीव्हच्या बंकरमधला फोनो मिळतो, आणि गावाकडच्या आईबापांपर्यंत पोचायचा पत्ताही.

निघण्याआधीचे कागद

पर्यटक व्हिसावर जाऊन बातम्या करू नका. अमेरिकेत परदेशी माध्यमांसाठी वेगळा 'आय' व्हिसा असतो. चीनमध्ये १८० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या पत्रकाराला जे-१ आणि त्याहून कमी दिवसांसाठी जे-२ लागतो. पर्यटक म्हणून शिरून कॅमेरा काढला तर तुम्हाला परत पाठवतात आणि पुढच्या सहकाऱ्याचाही व्हिसा अडकतो. व्हिसा मिळाला म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आवारात शिरायला त्यांच्या माध्यम विभागाचं वेगळं ओळखपत्र लागतं, इस्रायलमध्ये सरकारी प्रेस ऑफिसचं कार्ड, आणि युद्धक्षेत्रात बहुधा लष्कराचं. भारतातली अधिस्वीकृती पत्रिका, संपादकाचं लेटरहेडवरचं पत्र आणि कामाचे नमुने यांच्या प्रती तयार ठेवा, प्रत्येक ठिकाणी तेच मागतात.

कॅमेरा आणि लेन्सचे सीरियल नंबर लिहिलेली यादी करा. ज्या देशांत चालतं तिथे एटीए कार्नेट (सामान शुल्क न भरता तात्पुरतं नेण्याचा कस्टम्सचा कागद) घ्या. भारतात ते फिक्की देते आणि वर्षभर चालतं. ते जमत नसेल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र तरी घ्या, नाहीतर परतताना आपल्याच कॅमेऱ्यावर शुल्क मागतात. कार्नेटवर हमखास होणारी चूक ही: रात्री दोनला उतरलेली दमलेली टीम ग्रीन चॅनेलने सरळ बाहेर पडते, शिक्का राहतो, आणि काही महिन्यांनी त्या देशाकडून शुल्काची मागणी येते. प्रत्येक प्रवेशाला आणि प्रत्येक निर्गमनाला शिक्का मारून घ्या, खिडकी बंद असेल तर उघडेपर्यंत बसा.

सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, हातातल्या सामानातच न्यायच्या. १०० वॉट-अवरपर्यंतच्या सहसा अडत नाहीत, १०० ते १६० च्या मध्ये असेल तर विमान कंपनीची परवानगी आणि माणशी दोनच, १६० च्या वर बंदी. म्हणून कॅमेऱ्याच्या मोठ्या बॅटऱ्या ९५-९८ वॉट-अवरच्याच घ्या. सॅटेलाइट फोन परदेशात भाड्याने घेतला तर तिथेच परत करून या. थुराया किंवा इरिडियमचं यंत्र परवान्याशिवाय भारतात आणणं बेकायदा आहे, आणि गोव्याच्या विमानतळावर साधं सॅटेलाइट संदेशयंत्र बाळगणारे परदेशी प्रवासीही अडकलेले आहेत.

तिथलं रोजचं काम

वेळेचा तक्ता खोलीच्या दारावर लावा. मुंबईत संध्याकाळचे सात म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. लंडनला दुपारचे अडीच किंवा दीड. सकाळी सातच्या बुलेटिनला न्यूयॉर्कहून लाइव्ह द्यायचं तर तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ किंवा साडेआठ झालेले असतात. त्यामुळे पीटीसीत "आज", "उद्या" टाळा, वाराचं नाव घ्या.

पोचल्याबरोबर पहिली तीन कामं: स्थानिक सिम, फिक्सरची भेट, आणि अंधार पडायच्या आत लाइव्हची जागा. फिक्सर म्हणजे दुभाषा, वाटाड्या आणि बहुधा तुमचा जीव वाचवणारा माणूस. त्याचा दिवसाचा दर, कामाचे तास, गाडी-पेट्रोल कोणाचं, रात्री थांबावं लागलं तर काय, हे सगळं आधी लिहून ठरवा. त्याचा विमा वाहिनी काढणार का हे निघण्याआधीच विचारा. बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही म्हणून काढलेला नसतो. तो कुठल्या गटाचा, कुठल्या भागात त्याला जाता येत नाही हे आडवळणाने नाही, सरळ विचारा. त्याचा चेहरा त्याच्या परवानगीशिवाय चौकटीत नको, कारण तुम्ही परत जाता, तो तिथेच राहतो. डॉलर न्याल ते कोऱ्या, न दुमडलेल्या आणि लहान नोटांत. जुन्या छपाईच्या नोटा बऱ्याच ठिकाणी नाकारतात.

फाइल करायचा क्रम: पहिल्या दहा मिनिटांत फोनो, मग मोबाइलवर काढलेली तीस-चाळीस सेकंदांची दृश्यं, मग लाइव्ह, आणि पॅकेज सगळ्यात शेवटी. नेट बारीक असेल तर पूर्ण फुटेज चढवत बसू नका. लहान आकारात सोडा, डेस्कला निवडू द्या, निवडलेले शॉटच पूर्ण दर्जात पाठवा. दृश्य दुसऱ्याने दिलेलं असेल तर ते कोणी, कुठे, कधी काढलं हे कळल्याशिवाय पुढे ढकलू नका. 'आर्मा ३' या व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून इतकी फिरली की २०२२ मध्ये ती बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हला ती ओळखण्याच्या खुणा जाहीर कराव्या लागल्या: बहुतेकदा अंधार, हलता कॅमेरा, बऱ्याचदा आवाज नाही, हालचाल करणारी माणसं दिसत नाहीत. यातल्या दोन खुणा जुळल्या तरी थांबा.

जीव सांभाळणं

युद्धक्षेत्रात जायचं असेल तर धोक्याच्या ठिकाणी काम करण्याचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय जाऊ नका. ते तीन ते पाच दिवसांचं असतं. वाहिनी पाठवत नसेल तर तेच नकाराचं पुरेसं कारण माना. त्यात शिकवलेली एक गोष्ट हातात बसलेली हवी: हातापायातून रक्त उसळत असेल तर टूर्निकेट (रक्त थांबवायची आवळपट्टी) जखमेच्या वर चार बोटांवर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचं आणि बांधल्याची वेळ त्यावरच लिहायची. ते बॅगेच्या तळाशी नको, एका हाताने काढता येईल असं वर हवं.

साधं बुलेटप्रूफ जाकीट पिस्तुलाची गोळी आणि किरचा अडवतं, रायफलची नाही. त्यासाठी कडक प्लेट लागतात आणि वजन दहा किलोच्या आसपास जातं. ते घालून लाइव्ह करायचा सराव घरीच करा. अनेक देशांत हे जाकीट आत न्यायलाही परवाना लागतो. स्वतंत्र पत्रकारांना आरएसएफ ही पत्रकारांच्या हक्कांसाठीची संघटना अशी जाकिटं आणि हेल्मेट उसनी देते.

कायद्याने पत्रकार हा नागरिक मानला जातो. १९७७ च्या पहिल्या जिनिव्हा प्रोटोकॉलचं कलम ७९ तसं सांगतं, पण त्यावर सगळ्या देशांच्या सह्या नाहीत, भारताचीही नाही. सैन्यासोबत अधिकृतपणे गेलेला वार्ताहर पकडला गेला तर तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैदी ठरतो. हे कागदावर. रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दीकी १६ जुलै २०२१ ला स्पिन बोल्दकमध्ये अफगाण सैन्याच्या तुकडीसोबत असताना मारले गेले. सैन्यासोबत गेलात की तुम्ही त्यांच्यासोबतचं लक्ष्य असता, हे समजून निर्णय घ्या.

विम्याचा कागद शेवटच्या पानापर्यंत वाचा. साध्या प्रवास विम्यात युद्ध वगळलेलं असतं. मुंबईतल्या एका ठरलेल्या माणसाला ठरलेल्या वेळी फोन करायचा. तो आला नाही तर किती वेळाने कोणाला कळवायचं, हे लेखी हवं. "डेस्कला कळवेन" चालत नाही, डेस्कची शिफ्ट बदलते. फोनमधले जुने संदेश, स्रोतांची नावं, घरचे फोटो निघण्याआधी काढून टाका, कारण नाक्यावर फोन उघडून मागतात.

परत आल्यावर

आठवड्यात तीन गोष्टी उरका. फिक्सरचे उरलेले पैसे पाठवा, कारण अकाउंट्सच्या टेबलावर त्याचं बिल महिने पडून राहतं आणि पुढच्या वेळी तो फोन उचलत नाही. परदेशी पावत्या थर्मल कागदाच्या असतात, अक्षरं उडण्याआधी त्यांचे फोटो काढून त्या दिवसाच्या विनिमय दरासह हिशोब जोडा. आणि सगळं फुटेज लॉग करा: तारीख, ठिकाण, कोण दिसतंय, कोणाची परवानगी आहे, कोणाचा चेहरा झाकायचा आहे. हे लिहून ठेवलं नाही, तर वर्षभराने कोणीतरी तेच दृश्य दुसऱ्याच देशातलं म्हणून चालवतं, आणि झाकायचा राहिलेला चेहराही त्यासोबत जातो.